कॅन्यनमधले फारो आणि सामंत सर

ईशान, मीरा,

गेल्या शुक्रवारी तुम्ही मला एक व्हिडिओ पाठवलात. त्यात एक दाढीवाला माणूस ग्रँड कॅन्यनच्या कड्यावर उभा राहून सांगतो की खाली एका गुहेत प्राचीन इजिप्शियन लोकांची नगरी आहे, ममी आहेत, सोन्याची भांडी आहेत, आणि सरकारने हे सगळं शंभराहून जास्त वर्षं दडवून ठेवलं आहे. त्याखाली ईशानचा प्रश्न होता, "आजी, इज इट ट्रू? वी लिव्ह सो क्लोज!" मीराने नुसता एक पिरॅमिड पाठवला होता.

नाही, खरं नाही. एका ओळीत उत्तर हवं असेल तर ते हे. पण मी सव्वीस वर्षं दुबईत ऊद मेथातल्या एका भारतीय शाळेचं ग्रंथालय सांभाळलं आहे, आणि एका ओळीत उत्तर देण्याचा परिणाम काय होतो ते मला ठाऊक आहे. शिवाय हे प्रकरण माझ्याकडे पूर्वी एकदा येऊन गेलं आहे, तुमच्या आईचं लग्न होऊन ती फीनिक्सला गेली त्याच वर्षी. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कामाबद्दल काहीतरी लिहा म्हणून मागणी होतीच. तेव्हा दोघांचं काम एकाच कागदावर करते. तुमची आई वाचून दाखवेल. शब्द अडला की तिला थांबवा, उगाच मान हलवू नका.

आधी माझं काम काय होतं ते सांगते, कारण ग्रंथपाल म्हणजे तोंडावर बोट ठेवून बसलेली बाई असा तुमचा समज असणार. तेही करावं लागायचं. पण खरं काम प्रश्नांचं. तिसरीतली मुलगी विचारायची, उंट झोपेत स्वप्नं बघतो का. एका मुलाचे वडील आले आणि म्हणाले, आमचं आडनाव थेट राजघराण्यातून आलं आहे असं एखादं पुस्तक दाखवा. मी म्हटलं, असं पुस्तक इथे नाही. ते म्हणाले, मग मागवा. प्रत्येक प्रश्नाला मी एक कार्ड करायची आणि त्यावर तीन गोष्टी लिहायची: हे कोण म्हणतं, त्याने स्वतः पाहिलं का, आणि ती वस्तू आज कुठे आहे. बहुतेक थापा तिसऱ्या प्रश्नाला गळून पडतात.

मी स्वतःही थापा पसरवल्या आहेत. चीनची भिंत चंद्रावरून दिसते, असा एक सुंदर तक्ता आमच्या जिन्यात सहा वर्षं लटकत होता आणि त्यावर खाली माझी सही होती. शेवटी एका मुलीचे वडील, शारजाच्या एका गॅरेजमध्ये एसी दुरुस्त करणारे, पालकसभेला आले असताना तक्त्यापुढे थांबले. मला म्हणाले, "मॅडम, चंद्रावरून शारजा-दुबईचा ट्रॅफिकसुद्धा दिसत नाही, मग बारा-पंधरा फूट रुंदीची भिंत कशी दिसणार?" मी त्याच दिवशी तक्ता उतरवला. पण सहा वर्षांत जिना चढून गेलेल्या मुलांच्या डोक्यातून तो कोण उतरवणार? त्या प्रसंगानंतर आमच्या मल्याळी प्रिन्सिपल मॅडमनी नियम केला: भिंतीवर लागणाऱ्या किंवा स्टेजवरून बोलल्या जाणाऱ्या माहितीची संहिता आधी ग्रंथालयातून तपासून न्यायची. मी त्यावर जांभळा शिक्का मारायचा.

आता सामंत सर.

हे आमच्या शाळेत इतिहास शिकवायचे. मूळचे कोकणातले, सावंतवाडीच्या बाजूचे. राहायला शारजाच्या रोल्ला भागात, एका खोलीच्या फ्लॅटमध्ये, कारण बायको गावी म्हाताऱ्या सासूला सांभाळत होती. पहाटे सव्वापाचच्या स्कूलबसमध्ये पहिले बसणारे तेच. एकोणतीस वर्षं त्यांनी नववी-दहावीला तेच पुस्तक शिकवलं आणि एकाही मुलाला कंटाळा येऊ दिला नाही. मधल्या सुट्टीत ते ग्रंथालयात माझ्यासमोर बसून चहा प्यायचे. तेव्हा इथे नोकरी संपली की व्हिसाही संपायचा, आणि सरांची नोकरी मार्चअखेर संपणार होती.

आमच्या शाळेची एक पद्धत होती. निवृत्त होणाऱ्या शिक्षकाने सभागृहात मुलं आणि पालक यांच्यापुढे एक तास शिकवायचा, विषय त्याच्या आवडीचा. त्याला आम्ही 'शेवटचा तास' म्हणायचो. कोणी गणिताची कोडी घालायचं, कोणी गायचं. सामंत सर जानेवारीत एक जाडजूड फाइल घेऊन माझ्याकडे आले.

"बाई, एकोणतीस वर्षं दुसऱ्याने लिहिलेलं शिकवलं," ते म्हणाले. "हा एक तास माझा. चार वर्षं खपलोय ह्यावर. शिक्का मारा आणि चहा सांगा."

फाइलवर इंग्रजीत शीर्षक होतं: नाईल ते कोलोरॅडो. आत अमेरिकेतल्या एका जुन्या वर्तमानपत्राच्या बातमीची प्रत होती. तुमच्या दाढीवाल्याने सांगितली ती सगळी हकीकत त्याच बातमीतली. कॅन्यनच्या उभ्या भिंतीत गुहा, गुहेत दालनं, दालनांत ममी, आणि एका मोठ्या संस्थेच्या प्राध्यापकाने केलेलं संशोधन. सरांनी त्यापुढे आपली भर घातली होती: इजिप्तची गलबतं आधी कोकण किनाऱ्याला लागली, तिथून आपले लोक बरोबर घेतले आणि दोघे मिळून अमेरिकेला गेले.

मी फाइल घरी नेली आणि माझ्या पद्धतीप्रमाणे कामाला लागले. त्या संस्थेला ईमेल केली. उत्तर सौजन्याचं आणि थोडं दमलेलं होतं. हा प्रश्न त्यांना सतत विचारला जात असावा. अशा प्राध्यापकाची किंवा अशा मोहिमेची कुठलीही नोंद आमच्याकडे नाही, असं त्यांनी कळवलं. इतका मोठा शोध, पण त्यानंतर ना एखादा फोटो, ना संग्रहालयात एखादी वस्तू. बातमी आली आणि हवेत विरली. त्या काळी खप वाढवायला वर्तमानपत्रं अशा रंगीत कहाण्या छापायची.

मग मी आयुष्यातली एक मोठी चूक केली. निष्कर्षात चूक नव्हती, पद्धतीत होती. मी लाल पेन्सिलीने अकरा मुद्दे लिहिले, क्रमांक घालून, आणि कागद सरांच्या स्टाफरूममधल्या कप्प्यात ठेवून दिला. अकरावा मुद्दा होता: "सबब शिक्का देता येत नाही." मला तेव्हा तो कागद फार नीटनेटका वाटला होता.

नऊ दिवस सर चहाला आले नाहीत.

दहाव्या दिवशी त्यांच्याऐवजी चव्हाण आले. चव्हाण हे आमच्या शाळेतल्या दोन मुलांचे वडील, मूळ साताऱ्याचे. शारजा औद्योगिक क्षेत्रात त्यांचा पाट्या आणि बॅनर बनवायचा कारखाना होता. सरांसाठी त्यांनी स्टेजभर लांबीचा बॅनर स्वखुशीने छापला होता: एका बाजूला फारो, दुसऱ्या बाजूला शंकर, मध्ये कॅन्यन.

"मॅडम, बॅनर छापून तयार हाय. खलास!" ते टेबलावर हात टेकवून म्हणाले. "आता तुमचा शिक्का तेवढा अडलाय म्हनं. आमच्या शंकराला तुमचा शिक्का लागतोय व्हय?"

"शंकराला नाही लागत, चव्हाण. बातमीला लागतो."

"आवो, एक तासाचा कार्यक्रम. लोकं ऐकतील, टाळ्या वाजवतील, समोसा खातील, घरी जातील. म्हातारा खूश होऊन गावी जाईल. कुणाचं काय जातंय?"

खरंच कुणाचं काय जात होतं? पण मला जिन्यातला तक्ता आठवत होता. आणि दुसरीही एक भीती होती. सरांच्या हाताखालून गेलेली किती मुलं आता डॉक्टर, वकील झाली होती. त्यातला एखादा त्याच संध्याकाळी फोनवर शोधेल आणि मित्रांना हसत दाखवेल, आपले सामंत सर बघ काय बोलले. एकोणतीस वर्षांचं नाव एका तासात जाणार होतं, आणि त्या वेळी सर गावी असतील, उत्तर द्यायला इथे नसतील.

दुपारी सर स्वतः आले. बसले नाहीत. काखेतली सुरळी माझ्या टेबलावर उलगडली. ग्रँड कॅन्यनचा नकाशा होता, सरकारी, समोच्च रेषांसकट.

"हा अमेरिकन सरकारने छापलाय. वाचा." ते एकेका नावावर बोट ठेवत गेले. "आयसिस टेम्पल. ओसायरिस टेम्पल. चिऑप्स पिरॅमिड. इथे शिवा टेम्पल. इथे विष्णू टेम्पल. ही कोण्या बातमीदाराची थाप आहे?"

मी पाहिलं. खरंच होतं. तुम्हीही बघा, तुमच्या नकाशावर आजही ही नावं आहेत.

"नावं कोणी ठेवली, सर?"

"नाव कोण ठेवणार?" ते जवळजवळ ओरडलेच. वाचत बसलेल्या सातवीच्या मुलांनी माना वर केल्या. "जागेला नाव ठेवत नाहीत बाई, पडतं! आमच्या वाडीला रवळनाथवाडी म्हणतात, का? रवळनाथ आहे म्हणून! देऊळ असल्याशिवाय डोंगराला देवाचं नाव पडतं का कुठे? पण तुम्ही कॉन्व्हेंटवाल्या. आपलं काही असलेलं तुम्हाला बघवतच नाही. गोऱ्याने लिहिलं की खरं, सामंताने लिहिलं की लाल पेन्सिल."

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले हे खरं आहे. मराठी मी पुष्कळशी लग्नानंतर सासूबाईंकडून शिकले हेही खरं आहे. त्यामुळे हे जिथे लागायचं तिथे लागलं. पण त्याच वाक्यात मला माझी चूकही दिसली. ग्रंथपालाने उत्तर हातात ठेवायचं नसतं. पुस्तक ठेवायचं, योग्य पानावर कागदाची पट्टी घालायची आणि बाजूला व्हायचं. सव्वीस वर्षं मी मुलांशी असंच वागले. एका मोठ्या माणसाशी मात्र परीक्षकासारखी वागले होते.

आणि त्यांचा तर्कही मला नीट समजला. आपल्याकडे तो शंभरातल्या नव्वद वेळा बरोबर ठरतो. गणेशखिंडीत गणपती असतो. असा विचार आपणच करू शकतो, कारण आपल्याकडे माणसं दिवा लावतात आणि मग त्यावरून जागेला हाक मारतात.

त्या रात्री नाही, पुढच्या दोन सकाळी लवकर येऊन मी शोध घेतला. त्या कॅन्यनची मोजणी करणाऱ्या जुन्या भूवैज्ञानिकांची पुस्तकं आता संगणकावर पानापानाने वाचता येतात. ही नावं दगडांना कशी दिली गेली हे त्यातून कळतं. सुळक्यांचे आकार त्यांना देवळांसारखे वाटले, म्हणून जगभरच्या देवादिकांची नावं त्यांनी वाटून टाकली. त्याशिवाय शिवा टेम्पलच्या माथ्यावर पुढे चढून गेलेल्या एका मोहिमेची हकीकतही सापडली. मी सगळं छापून घेतलं, पानांत पट्ट्या घातल्या आणि सरांच्या नेहमीच्या खुर्चीपुढे गठ्ठा ठेवला. वर एक ओळही लिहिली नाही. शेजारी त्यांचाच नकाशा पसरून ठेवला.

ते आले, गठ्ठा पाहिला, माझ्याकडे पाहिलं नाही. वाचायला बसले. दुसऱ्या दिवशीच्या मोकळ्या तासालाही आले. मधेच मला त्यांचं बोट नकाशावर हळूहळू सरकताना दिसलं.

"बाई," ते म्हणाले, "इथे झोरोॲस्टर पण आहे."

"हो."

"कन्फ्यूशियस. ज्युपिटर. व्हीनस. आणि हा वोटन, हा नॉर्वेकडचा ना?"

"त्या बाजूचाच."

"म्हणजे सगळेच आले होते." ते खुर्चीत मागे टेकले. "उभं राहायला जागा मिळाली नसेल बिचाऱ्यांना."

मी हसू दाबलं. खिडकीबाहेर, चालत दहा मिनिटांवर, एका मॉलच्या छपरावरचा काचेचा पिरॅमिड उन्हात चमकत होता. त्याच्या दाराशी फारोचे पुतळे आहेत, माझ्यापेक्षा तरुण. सरांनीही तिकडे पाहिलं आणि नकाशाची सुरळी करायला लागले. फार सावकाश करत होते. चार वर्षं गुंडाळायला वेळ लागतोच.

"आता विषय बदलू का?" त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच ते मला म्हातारे दिसले. "पंधरा दिवस उरलेत. मराठ्यांचं आरमार घेतो. पाठ आहे."

"तास तुमचा आहे, सर."

ते सुरळी काखेत मारून गेले. चार दिवसांनी नवी संहिता आली. मी वाचली, शिक्का मारला आणि चहा सांगितला. आत काय आहे ते मी कोणाला सांगितलं नाही, चव्हाणांनाही नाही.

शेवटच्या तासाला सभागृह भरलं होतं. स्टेजवर तोच बॅनर. सरांनी गुहेची बातमी अशी रंगवली की पुढच्या रांगेतली मुलं पाय वर घेऊन बसली. मग नकाशा पडद्यावर आला. आयसिस, ओसायरिस, चिऑप्स. आणि शिवा टेम्पल येताच टाळ्यांचा कडकडाट झाला. मागून कोणीतरी "हर हर महादेव" ओरडलं. तो आवाज साताऱ्याचा होता.

सरांनी हात वर केला. "थँक यू. मीसुद्धा अशाच टाळ्या वाजवल्या होत्या. रोल्लाच्या खोलीत, एकट्याने. आता मी कसा फसलो ते सांगतो."

आणि पुढचा अर्धा तास त्यांनी एकेक टाका उसवला. बातमी कोणी दिली, कोणी पाहिलं, वस्तू कुठे आहेत. रवळनाथवाडीसुद्धा सांगितली. म्हणाले, "माझी चूक अडाणीपणाची नव्हती, घरच्या सवयीची होती. माझ्या गावचा नियम मी अमेरिकेला लावला."

खरं सांगते, सभागृहाला ते आवडलं नाही. मुलं ऐकत होती, पण पालक चुळबुळ करू लागले. दोन कुटुंबं उठून गेली. शेवटी टाळ्या वाजल्या त्या शिष्टाचाराच्या. चव्हाण माझ्या कानाशी कुजबुजले, "मॅडम, निदान शेवटच्या दिवशी तरी म्हाताऱ्याला जिंकू द्यायचं हुतं." मला वाटलं, त्यांचं खरं आहे. सरांचं नाव वाचवायला गेले आणि त्यांचा दिवस घालवला.

तेवढ्यात प्रश्नांची वेळ झाली आणि नववीतली फातिमा उभी राहिली. केरळची मुलगी, कधी फारशी न बोलणारी. ती इंग्रजीत म्हणाली, "सर, इजिप्शियन तिथे नव्हते. इंडियन्स, आय मीन आपण, तेही नव्हतो. मग तिथे कोण होतं?"

सरांनी माइक थोडा खाली केला.

"आय डोन्ट नो," ते म्हणाले. "जे तिथे नव्हतेच त्यांच्याबद्दल मी चार वर्षं वाचत होतो. कोण होतं हे मी विचारलंच नाही."

एवढ्या वर्षांत त्या शाळेतल्या कोणत्याही शिक्षकाला मी स्टेजवरून 'मला माहीत नाही' म्हणताना ऐकलं नव्हतं. मग मुलांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. आधी नववीने, मग सगळ्यांनी. चव्हाणही वाजवत होते, थोडे गोंधळून.

समोसे संपल्यावर आम्ही दोघं ग्रंथालयात गेलो आणि तो गठ्ठा पुन्हा काढला. शिवा टेम्पलवर चढलेल्या मोहिमेचं पान उघडलं. माथ्यावर देऊळ नव्हतं, हे आम्ही दोघांनी वाचलं होतं. त्याच्याच खाली लिहिलं होतं की वर जुन्या काळच्या स्थानिक माणसांच्या खुणा सापडल्या, दगडाची हत्यारं सापडली. हे सरांनी वाचलं होतं. मीही वाचलं होतं. आम्ही दोघांनीही त्यावर पट्टी घातली नव्हती. एकाला आपले पूर्वज हवे होते, दुसरीला फक्त चूक हवी होती. ज्यांचे पूर्वज खरोखर तिथे राहिले, ते अमेरिकेच्या मूळ जमातींतले होपी, हवासुपाई आणि त्यांच्यासारखे कितीतरी, आम्हा दोघांच्याही कामात कुठेच बसत नव्हते.

"बाई, हे वाईट झालं," सर म्हणाले. आठवडाभराने ते गावी गेले.

म्हणून तुम्हा दोघांना एक काम सांगते. तुमच्या घरापासून कॅन्यन गाडीने चार तासांवर आहे. तुमचे बाबा दर सुट्टीत नेतो म्हणतात आणि नेत नाहीत. आता माझं नाव सांगा. तिथे हवासुपाई लोकांचं गाव आजही कॅन्यनच्या तळाशी आहे, आणि वर कड्याशी त्यांच्यातली, होपींमधली माणसं भेटतात, बोलतात. दाढीवाल्याची गुहा शोधू नका. त्यांना नकाशावरचा तो शिवा टेम्पलचा सुळका दाखवा आणि विचारा, ह्याला तुम्ही तुमच्या भाषेत काय म्हणता? नाव असेल तर का पडलं? ते सांगायचं नाही म्हणाले तर आभार मानून परत या, तेही उत्तरच आहे. सांगितलं तर दोनदा म्हणवून घ्या आणि उच्चार नीट लिहून ठेवा.

सामंत सर आता थकलेत. एका डोळ्याने दिसत नाही, पण कान तल्लख आहेत. अजूनही महिन्यातून एकदा फोन करतात. इकडचं तिकडचं बोलून झालं की विचारतात, "काय बाई, त्या पोरीच्या प्रश्नाचं काय झालं?" मी पुस्तकांतून सापडलेलं वाचून दाखवते. ते ऐकून घेतात आणि म्हणतात, "हे झालं छापलेलं. कोणी जाऊन विचारलंय का?"

त्यांचा नंबर तुमच्या आईकडे आहे. तुम्ही इंग्रजीत बोललात तरी चालेल, ते आनंदाने इंग्रजीत बोलतील आणि तुमचं व्याकरण सुधारतील. नाव कळलं की आधी त्यांना फोन करा. मला नंतर सांगितलंत तरी चालेल.